विल्मा रुडॉल्फ : अधू पायाची धाव

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, अशी कार्यवाह बाईंनी मला आज्ञा केली, तेव्हा मी थोडी संकोचले. झाशीची राणी, सावित्रीबाई, रमाबाई रानडे ह्यांच्यावर माझ्याहून जाणत्या भगिनींनी ह्याच पानांतून पूर्वी लिहिले आहे. मला ज्या बाईविषयी सांगावयाचे आहे, ती ना राणी होती ना समाजसुधारक. ती पळत असे. आणि जन्मतः नव्हे, पण अगदी लहानपणापासून तिचा एक पाय अधू होता.

हिचीच निवड का केली, ते आधी सांगते. आपल्या मंडळाने सकाळी शाळेच्या मैदानावर पळण्याचा उपक्रम सुरू केला आणि वर्धापनदिनी बायकांची तीन किलोमीटरची शर्यत ठेवली, तेव्हा मीही उत्साहाने नाव दिले. दोन-तीन महिने बरे गेले. मग उजवी टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकावे, तो टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यावी. मी दुसऱ्याच दिवशी माझे नाव काढून टाका म्हणून निरोप धाडला आणि मनातून सुटल्यासारखे वाटले. त्या संध्याकाळी माझी धाकटी बहीण घरी आली. तिने माझे गाऱ्हाणे ऐकून घेतले, हसली, आणि दुसऱ्या खेपेस येताना एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. ते विल्मा रुडॉल्फचे आत्मचरित्र होते. भाचीने ते मला चार रात्री बसून समजावून दिले. माझ्या बहिणीनेच ते पुस्तक का आणावे, हे वाचकांना पुढे कळेल.

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल गावाजवळ झाला. वडील एड रुडॉल्फ रेल्वेत हमाली करीत आणि मिळेल ते दुसरे काम करीत. आई ब्लँचबाई गोऱ्या लोकांच्या घरी धुण्याभांड्याची, केरवाऱ्याची कामे करीत. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून बावीस मुले. त्यांत विल्मा विसावी. दिवस पुरे भरण्याआधीच ती जन्मली आणि तिचे वजन जेमतेम साडेचार पौंड, म्हणजे दोन किलोच्या आसपास भरले. असे मूल जगणे त्या काळी नशिबाचाच भाग. ते कुटुंब काळ्या वर्णाचे. अमेरिकेच्या त्या भागात तेव्हा काळ्यांना गोऱ्यांच्या शाळेत, उपाहारगृहात, दवाखान्यात जागा नव्हती; बसमध्येही मागल्या बाकांवर बसावे लागे. अस्पृश्यतेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्या लोकांना ह्याहून अधिक खुलासा नको.

लहानपणी ह्या पोरीला एक आजार सोडी, तो दुसरा धरी. न्यूमोनिया झाला, लोहितज्वर झाला. आणि वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास पोलिओने गाठले. डावा पाय आणि पाऊल लुळे पडले, पाऊल आत वळले.

पोलिओ म्हणजे काय, हे आजच्या तरुण आयांना बहुधा ऐकूनच ठाऊक असेल. ह्या रोगाचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. बहुतेक मुलांत तो काही लक्षणे न दाखविताच निघून जातो. पण काहींच्या मज्जारज्जूत शिरून, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. पायाला स्पर्श कळतो, दुखले-खुपले कळते, पण हल म्हटले तरी तो हलत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. ज्या नुसत्या दुखावलेल्या असतात, त्या पुढल्या महिन्यांत सावरतात, आणि त्यांच्या जोरावर पायात थोडेफार बळ येते. कोणाच्या किती पेशी मेल्या आणि किती वाचल्या, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. मधल्या काळात पाय रोज चोळून, सांधे हलवून ठेवले नाहीत, तर ते आखडतात आणि वाकडेच राहतात. विल्माच्या आजारपणी तर लसही निघालेली नव्हती. साल्क ह्यांची लस अमेरिकेत १९५५ मध्ये सर्वांसाठी आली.

डॉक्टरांनी ही मुलगी चालेल अशी आशा फारशी दिली नाही. ब्लँचबाईंनी मात्र ते मनावर घेतले नाही. नॅशव्हिल शहरात मेहॅरी नावाचे काळ्या लोकांचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय होते. ते गावापासून पन्नास मैल, म्हणजे ऐंशी किलोमीटर दूर. आठवड्यातून एकदा कामावर रजा टाकून ही बाई मुलीला घेऊन बसच्या मागल्या बाकावर बसे, उपचार करून घेई आणि रात्री घरी परते. असा क्रम दोन वर्षे चालला. कामाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पैसा बुडाला, हे घरकाम करणाऱ्या कोणाही बाईस विचारा.

रुग्णालयातील माणसांनी तिला पाय कसा चोळावा, कसा ताणावा, हे शिकविले. आई ते घरी येऊन मोठ्या मुलांना शिकवी. मग दिवसातून चार वेळा आळीपाळीने ती भावंडे विल्माचा पाय चोळीत. पायाला धातूचा पट्टा बांधलेला असे. तो ती चोरून काढून ठेवू लागली, तर तिला पकडण्याची जबाबदारीही त्यांचीच. एका भाकरीत दहांनी वाटा घ्यावा असे ते घर. पण त्या घरात दहा जोडी हात होते, आणि आईने ते एकाच पायाला लावले.

इथे मला थांबले पाहिजे, कारण हे प्रकरण भाची वाचून दाखवीत असता मला पुढे ऐकवेना.

माझ्या धाकट्या बहिणीला १९६६ साली, तिसरे वर्ष चालू असता पोलिओ झाला. मी तेव्हा दहा वर्षांची. पोलिओचे थेंब घरोघर पोचण्याचे दिवस अजून फार दूर होते. तापाने फणफणलेली पोर चौथ्या दिवशी उठली, ती डाव्या पायावर उभी राहीना. डॉक्टरांनी आईला सांगितले, की रोज तीन वेळा पाय चोळा, आणि पाऊल हाताने वर रेटून टाच ताणा. सकाळचे चोळणे आई चूल पेटविण्याआधी करी, रात्रीचे भांडी आवरून. दुपारचे माझ्याकडे दिले होते. शाळेतून यावे, तिळाचे तेल कोमट करावे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पाव तास बसावे, एवढेच काम. बाहेर अंगणात लगोरी रंगलेली असे. मी तिच्या पायाला तेल फासत असे, कोणाला संशय येऊ नये इतपत, आणि पळत असे. असे एक दिवस नव्हे, पुष्कळ दिवस केले. वर्षभरात तिची टाच वर उचलली गेली, ती जमिनीला टेकेना. पुढे अकराव्या वर्षी मुंबईस शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून आजतागायत ती कॅलिपर लावून चालते. मी ही गोष्ट आईला तिच्या अखेरपर्यंत सांगितली नाही.

असो. चरित्राकडे वळते.

आजारपणामुळे विल्मा शाळेतच सातव्या वर्षी गेली. पट्टा होता तोवर मुलांच्या खेळात तिला जागा नव्हती. ती कडेला बसून पाही. पण पाय थोडा थोडा भरत गेला. पट्टा सुटला, मग खास बूट आला. आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास ती सगळ्यांसारखी अनवाणी पळू लागली. इतकी वर्षे बसून पाहण्यात गेली, त्याचे तिने उट्टे काढले. बर्ट हायस्कूलमध्ये थोरली बहीण बास्केटबॉलच्या संघात होती, तिच्यामागोमाग हीही शिरली. क्लिंटन ग्रे नावाचे शिक्षक संघाला शिकवीत. ही उंच, किडकिडीत पोर सारखी इकडून तिकडे भुणभुणत फिरते, म्हणून त्यांनी तिचे नाव स्कीटर, म्हणजे आपल्या भाषेत डास, असे ठेवले.

अशाच एका सामन्यात पंच म्हणून एड टेंपल आले होते. हे टेनेसी राज्य विद्यापीठात मुलींना धावण्याचे शिक्षण देत. त्यांनी ह्या मुलीच्या टांगा पाहिल्या आणि उन्हाळी शिबिरास बोलाविले. टेंपल मास्तर शिस्तीचे मोठे कडक. सरावाला जितकी मिनिटे उशीर, तितक्या मैदानाच्या फेऱ्या जास्त. एकदा विल्मा झोपून राहिली, अर्धा तास उशीर झाला, तर तीस फेऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधी अर्धा तास मैदानात हजर.

पहिल्या यशाने ती फुगलीही होती. गावोगावच्या शाळांत कोणी तिला हरवू शकत नसे. म्हणून टस्कीगी येथील मोठ्या शर्यतींना ती ऐटीत गेली, आणि तेथे एकही शर्यत जिंकली नाही. पाय लुळा होता तेव्हा रडली नसेल इतकी त्या दिवशी खचली. पुढे तिने उमजून घेतले, की उपजत वेग वेगळा आणि शिकलेले धावणे वेगळे. सुरुवात कशी घ्यावी, श्वास कसा ठेवावा, मुठी कशा सैल सोडाव्या, हे सगळे ती मुळापासून शिकली.

१९५६ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेली. दोनशे मीटरमध्ये प्राथमिक फेरीतच बाद झाली; पण चौघींच्या रिले शर्यतीत कांस्यपदक मिळाले. पट्टा सुटून तेव्हा चार-पाच वर्षेच झाली होती.

त्यानंतर तिच्या आयुष्यात एक कठीण वळण आले. ती शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, लग्न झालेले नव्हते, आणि तिला मूल व्हावयाचे होते. १९५८ साली मुलगी झाली. हा मजकूर मी गाळावा की काय, असा विचार केला. पण तिने स्वतःच्या पुस्तकात तो लपविला नाही, तर मी कोण लपविणार? आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, अशा मुलीची शाळा, खेळ सगळे तिथेच संपते. विल्माचे संपले नाही, कारण घरच्यांनी बाळ सांभाळले आणि तिला शिकावयास धाडले. आणि टेंपल मास्तरांनी, मूल असलेल्या मुलींना संघात न घेण्याचा आपला नियम बाजूला ठेवला. पुन्हा हात आले ते घरच्याच माणसांचे.

१९६० चे रोम येथील ऑलिंपिक आपल्यालाही आठवते, कारण मिल्खा सिंग ह्यांचे पदक तेथेच थोडक्यात हुकले आणि ते चौथे आले. त्याच ऑलिंपिकात इथिओपियाचे अबेबे बिकिला मॅरेथॉनला उभे राहिले, आणि नवे बूट पायाला बरे बसेनात म्हणून ते बेचाळीस किलोमीटर अनवाणी धावून पहिले आले. पायाची दुखणी मोठ्यामोठ्यांना चुकत नाहीत, ती अशी.

विल्माचीही पायाने पुन्हा परीक्षा पाहिली. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव करताना हिरवळीतल्या एका खळग्यात पाऊल पडले आणि घोटा मुरगळला, सुजला. पट्टी घट्ट बांधून, पाय उंच ठेवून तिने रात्र काढली. तरी २ सप्टेंबर रोजी शंभर मीटरची अंतिम शर्यत तिने ११ सेकंदांत जिंकली. वारा पाठीशी नियमापेक्षा जास्त होता, म्हणून तो विक्रम धरला गेला नाही. सुवर्णपदक मात्र तिचेच. ५ सप्टेंबरला दोनशे मीटर, २४ सेकंदांत, दुसरे सुवर्ण. ८ सप्टेंबरला रिले. मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा, चौघीही टेंपल मास्तरांच्याच विद्यार्थिनी. शेवटच्या टप्प्यात विल्माच्या हाती दांडी येताना घोटाळा झाला, ती पडता पडता राहिली, आणि जर्मनीची धावपटू पुढे निघाली. विल्माने तिला गाठले, मागे टाकले, आणि तिसरे सुवर्ण आणले. एकाच ऑलिंपिकात धावण्याची तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. विसाव्या वर्षी ती जगातील सर्वांत वेगवान स्त्री ठरली. ब्लँचबाई कोणाच्या घरची फरशी पुसत आल्या होत्या, त्यांचीच ही लेक.

पण मला तिचा खरा मोठेपणा दिसला तो ह्यापुढे. क्लार्क्सव्हिल गावाने तिच्या सत्काराचा बेत केला. राज्याचे गव्हर्नर वर्णभेदाचे कैवारी. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे काळे एकीकडे आणि गोरे दुसरीकडे बसावयाचे. विल्माने कळविले, की तसे असेल तर ती येणार नाही. अखेर गाव नमले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी मिरवणूक निघाली आणि रात्री मेजवानी झाली, तेव्हा त्या गावाच्या इतिहासात प्रथमच दोन्ही वर्णांची माणसे एका मांडवाखाली बसली. तीन सुवर्णपदकांचे वजन तिने ह्या कामी खर्च केले. पुढे १९६३ साली गावातल्या एका उपाहारगृहात काळ्यांना बसू देत नव्हते, त्याविरुद्धच्या निषेधातही ती उभी राहिली.

१९६१ साली जर्मनीत स्टुटगार्ट येथे तिने शंभर मीटर ११.२ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. आणि १९६२ मध्ये, लोक अजून टाळ्या वाजवीत असतानाच, तिने शर्यती सोडल्या. १९६३ मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, संसार केला, चार मुलांची आई झाली. त्या काळी हौशी धावपटूंना पैसा मिळत नसे. तिने लहानपणी जेथे धडे गिरविले, त्याच प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, मुलींना धावणे शिकविले, एका शहरातून दुसऱ्या शहरात नोकऱ्या बदलल्या. जगाने डोक्यावर घेतलेल्या बाईलाही महिनाअखेरीचा हिशेब चुकला नाही. १९७७ मध्ये आत्मचरित्र लिहिले. १९८१ मध्ये गरीब मुलांना खेळ व शिक्षण मिळावे म्हणून स्वतःच्या नावाची संस्था काढली.

१९९४ च्या उन्हाळ्यात ब्लँचबाई गेल्या. पाठोपाठ विल्माला मेंदूचा कर्करोग असल्याचे निघाले, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबर रोजी, चौपन्नाव्या वर्षी, तिने देह ठेवला. गावातल्या एका मोठ्या रस्त्याला तिचे नाव आहे. दूर बर्लिन शहरातील एका शाळेलाही २००० साली तिचे नाव दिले गेले.

हे चरित्र ऐकून झाल्यावर मी बहिणीला अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची ती तेलाची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक होती. पाऊल वर रेटले की तिला इतके दुखे, की मी पळाले म्हणजे तिला बरेच वाटत असे, म्हणून तिनेही आईला कधी सांगितले नाही. त्या चोरीत आम्ही दोघी भागीदार होतो, असे ती म्हणते. मी नेमाने बसले असते तर तिचा पाय विल्मासारखा झाला असता का? तसे मी म्हणणार नाही. तिच्या किती पेशी वाचल्या होत्या, हे देवालाच ठाऊक. सगळेच पाय चोळून बरे होत नाहीत, आणि जे झाले नाहीत त्यांच्या आयांनी कमी कष्ट केले, असा अर्थ कोणी काढू नये. पण टाच कदाचित इतकी आखडली नसती. तो पाव तास माझ्या हातचा होता, आणि मी तो दिला नाही, एवढे खरे.

आज आपल्या देशात हे दुखणे राहिलेले नाही. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. ते आपोआप झाले नाही. घरोघर जाऊन पोरांच्या तोंडात दोन थेंब घालणाऱ्या लाखो हातांनी ते झाले, आणि त्यांत आपल्या मंडळाच्या कित्येक भगिनींचे हातही होते. रविवारच्या त्या बूथवर मी स्वतः एकदाही खाडा केला नाही. का, ते आता वाचकांना कळले असेल.

माझ्या टाचेचे म्हणाल, तर डॉक्टरांनी सांगितले, की तळपायाखालचा जाड पडदा टाचेपाशी दुखावला आहे. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणावयाच्या, घरात अनवाणी फिरावयाचे नाही, मऊ तळाच्या चपला वापरावयाच्या, आणि पळणे एकदम सोडून न देता आधी चालणे, मग थोडे पळणे असे वाढवीत न्यावयाचे. सहा-सात महिने लागले. आता कळ क्वचितच येते. टाच ताणताना मला रोज बहिणीचे ते लहानसे पाऊल आठवते, आणि मी घड्याळ लावून पुरा पाव तास बसते.

शेवटी मंडळाला एक विनंती. मागील वर्षी आपल्या शर्यतीत पहिल्या बायका आल्या, बक्षिसे झाली, आणि अर्ध्या तासात टेबल उचलले गेले, शेवटची दोरी सोडली गेली. तेव्हा दोघीजणी अजून रस्त्यावर होत्या. त्यांतली एक मी. आम्ही पोचलो, तेव्हा मैदानात झाडूवाले काका तेवढे होते. आम्हाला राग आला नाही, पण पुढल्या वर्षी यावे असेही वाटले नाही.

ह्या वर्षी माझी बहीण नाव देणार आहे. कॅलिपर आणि काठी घेऊन ती एक फेरी चालेल. तिला पाऊण तास लागेल, कदाचित तास. ती शेवटची येणार, ह्याविषयी आम्हा दोघींना शंका नाही. विल्माच्या घरी दहा जोडी हात एका पायाला लागले होते. आपल्याला त्याहून पुष्कळ कमी करावयाचे आहे. शेवटची बाई येईपर्यंत दोरी धरून उभे राहावयाचे, इतकेच. एका टोकाला मी उभी राहीन. दुसरे टोक धरावयास कोण येते, त्यांनी आपले नाव कार्यवाह बाईंकडे द्यावे.